धर्माजी लाहीवाल्याच्या घरातलं पॉपकॉर्न

भाईंदरच्या पश्चिमेला, जुन्या गावात, खाडीच्या अंगाला धर्माजीचं घर होतं. धर्माजी जातीचा कोळी, पण त्याला समुद्र लागायचा. होडी खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत तो काठावर ओणवा व्हायचा आणि सकाळची पेज माशांना वाढून मोकळा व्हायचा. बापाने दोन-चार मोसम वाट पाहिली, नवस बोलून पाहिला, शेवटी पोराला किनाऱ्यावर सोडून दिलं. गावातल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं ‘कोरडा कोळी’. त्यावर पाणवठ्यावर आणखी काय काय जोडलं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच, की त्या नावापायी त्याचं लग्न दोनदा मोडता मोडता राहिलं.

मग धर्माजीने परसात भट्टी घातली आणि साळीच्या लाह्या भाजायला लागला. समुद्राने ज्याला ओकायला लावलं त्याला विस्तवाने पोटाशी धरलं म्हणायचं. हळूहळू गावात रीतच पडली, की लग्न कुणाचंही असो, होमातल्या लाह्या धर्माजीच्या भट्टीतल्या. लग्न लागलं की नवरी होमापुढे ओंजळ धरते, तिचा भाऊ त्या ओंजळीत लाह्या घालतो, ती त्या अग्नीत सोडते, आणि मग भाऊ नवऱ्याचा कान पिळून काहीतरी उकळतो. हे सगळं ज्या मूठभर लाह्यांवर चालतं त्या आपल्या घरातून जातात, याचा धर्माजीला एवढा ताठा होता की लग्नात जेवायला बसताना तो आपण होऊन मानाच्या पंगतीत बसे. कुणी उठवत नसे.

त्याचा मुलगा जानू. याला समुद्र लागत नव्हता, पण हा गेलाच नाही. याला माणसांची गर्दी आवडे. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराला मीरा रोडला स्टेशनच्या पूर्वेला चिखलातून बिल्डिंगा वर येत होत्या आणि मुंबईतली चाळीतली माणसं एकेक करून त्यांत राहायला येत होती. जानूने तिथे हातगाडी लावली. गाडीवर बापाच्या भट्टीतल्या लाह्या, चणे, शेंगदाणे.

संध्याकाळी फ्लॅटवाले फिरायला निघत. गाडीपाशी थांबून विचारत, “भैया, पॉपकॉर्न है क्या?”

“लाही है,” जानू म्हणे.

“लाही नहीं, पॉपकॉर्न.”

विचारणारे गिरगावचे, सांगणारा भाईंदरचा, आणि दोघं हिंदीत. पोरं ‘पॉपकॉर्न पॉपकॉर्न’ करत रडत, आईबाप त्यांना ओढत पुढे नेत, आणि लाह्या तिथेच राहत. महिनाभर हे पाहिल्यावर जानूने मका आणला. कढईत वाळूच्या जागी मिठागरातलं जाडं मीठ तापवलं, त्यात दाणे टाकले. दाणे फुटले ते खारट होऊनच बाहेर आले. पोरांनी रडणं थांबवलं. जानूने गाडीला पाटी लावली, लाल अक्षरांत ‘पॉपकॉर्न’, आणि अक्षरांच्या बाजूने फुलं काढून घेतली.

इथवर धर्माजीने नाक मुरडलं होतं, बोलला नव्हता. तो बोलला त्याच वर्षीच्या वैशाखात. त्याला ताप आला होता आणि गावात एका घरी लग्न होतं. “लाह्या भाजून पोचत्या कर,” त्याने जानूला बजावलं. जानू हो म्हणाला. त्या दिवशी मीरा रोडला एका नव्या इमारतीच्या पूजेला गाडी बोलावली होती. जानू तिकडे गेला आणि पोरांच्या घोळक्यात लाह्या विसरला. इकडे होम पेटलेला, भटजी खोळंबलेले, नवरी ओंजळ धरून बसलेली आणि ओंजळीत काही नाही. शेवटी कुणीतरी दुकानातून कुरमुरे आणून भागवलं. नवरीची आजी दुसऱ्या दिवशी धर्माजीच्या दारात आली आणि आपण येऊन गेल्याचं सगळ्या आळीला कळेल अशा आवाजात बोलून गेली.

धर्माजी अंगात ताप असताना उठून बसला. “ज्यानं दुसऱ्याच्या बहिणीची ओंजळ रिकामी ठेवली, त्यानं आपल्या बहिणीच्या ओंजळीकडं बघायचं न्हाय,” तो म्हणाला. “पॉपकॉर्नवाल्याचा हात माझ्या घरच्या लाह्यांना लागायचा न्हाय. शालूच्या लग्नात पण न्हाय.”

शालू जानूची धाकटी बहीण, तेव्हा दहावीत होती. तिच्या लग्नाचा कुणी विचारही केला नव्हता. पण धर्माजीने तोंडातून शब्द काढला आणि तो कधी परत घेत नसे. त्याला ते लाहीसारखंच वाटे, एकदा फुटली की पुन्हा साळ होत नाही.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. घर एक, खोल्या दोन, आई वारलेली, आणि मधे शालू.

“शालू, त्याला विचार, आंघोळीचं पाणी ठेवू का,” धर्माजी म्हणे. जानू तिथेच चुलीशी बसलेला असे.

“शालू, सांग त्यांना, ठेवा.”

पहिलं वर्षभर शालूने निरोप शब्दाला शब्द पोचवले. मग ती आपल्या पदरचं घालायला लागली. “दादा, बाबा विचारतायत पाणी ठेवू का, आणि सांगतायत दाढी कर, माकड दिसतोस.” धर्माजी भिंतीकडे तोंड करून हसे. आपण हसलो हे जानूला कळलं नाही अशी त्याची समजूत होती.

जानूची गाडी चालली. कढई जाऊन काचेची पेटी आली, आत गॅसवर लटकणारं भांडं, त्याला बाहेरून फिरवायचा दांडा. भांड्यात तेल-मीठ घालून दाणे टाकले की ते झाकण उचलून बाहेर सांडत. पोरं काचेला नाक लावून बघत. जानूला मात्र एक गोष्ट आत कुठेतरी टोचत राहिली. गावात कुठे सनई वाजली की तो त्या दिवशी गाडी उशिरापर्यंत लावी. कारण विचारलं तर “गिऱ्हाईक जास्त असतं” म्हणे. ते खोटं होतं. त्याला शालूच्या ओंजळीत लाह्या घालायच्या होत्या, आणि ज्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं तिथे हेही सगळ्यांना माहीत होतं.

गाडीवर रोज येणाऱ्यांत एक होते दशरथराव. विम्याच्या कचेरीत नोकरी, नुकतेच गिरगाव सोडून मीरा रोडला चौथ्या मजल्यावर आलेले. यांना शब्दांची खोड होती. कुठला शब्द कुठून आला हे ते समोरच्याने न विचारता सांगत. बिल्डिंगमधली माणसं त्यांना जिन्यात पाहून वर जायची थांबत किंवा खाली यायची थांबत. त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी तर सांगूनच ठेवलं होतं, “बाहेर काय ते बोलून या. घरात मला नुसतं ‘वाढ’ म्हणा, वाढ कुठून आलं ते नको.” तेव्हा दशरथराव जानूकडे येत. जानूला गाडी सोडून पळता येत नव्हतं.

“पॉपकॉर्न म्हणजे काय, माहितेय का तुला?” त्यांनी एके संध्याकाळी विचारलं.

“मक्याच्या लाह्या.”

“चूक. पॉप म्हणजे नुसता आवाज. आपण फट् म्हणतो, इंग्रज पॉप म्हणतो. त्यात काही नाही. खरी गंमत कॉर्नमध्ये आहे. कॉर्न म्हणजे मका नव्हे.”

“मग मी विकतोय काय?”

“ऐक तरी. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे दाणा. कुठल्याही धान्याचा. इंग्लंडात गहू पिकतो, तिथे कॉर्न म्हणजे गहू. स्कॉटलंडात ओट, तिथे कॉर्न म्हणजे ओट. ही मंडळी अमेरिकेत गेली, तिथल्या लोकांचा मका पाहिला, म्हणाली इंडियन कॉर्न. पुढे इंडियन गळालं, कॉर्न राहिलं. थोडक्यात, ज्या मुलखात जे पिकतं ते तिथलं कॉर्न.”

जानूचा दांडा फिरवणारा हात थांबला. “म्हणजे भाईंदरात कॉर्न म्हणजे काय?”

“तूच सांग. काय पिकतं?”

“आता बिल्डिंगा पिकतात, साहेब.”

“आधी काय पिकायचं?”

“भात.”

“मग झालं. भाईंदरातलं अस्सल पॉपकॉर्न म्हणजे साळीच्या लाह्या.” दशरथरावांनी पुडी रिकामी करून पुढे केली. “अजून घाल थोडं. एवढं सांगितलं.”

जानूला वाटलं, हातात हत्यार आलं. त्या रात्री जेवताना त्याने शालूमार्फत सगळं बापाला ऐकवलं, गहू, ओट, अमेरिका सगळं. म्हणजे पोरगा लाह्या सोडून गेलेलाच नव्हता. नुसतं नाव इंग्रजी होतं, असा त्याचा मुद्दा. धर्माजीने घास संपवला, पाणी प्यायला.

“त्याला सांग,” तो शालूला म्हणाला, “त्या साहेबाला विचार, रिकाम्या ओंजळीला इंग्रजीत काय म्हणतात.”

जानूने आपलं ताट उचललं आणि धुवायला परसात गेला.

आता थोडं शालूचं. बारावी झाल्यावर ती जानूच्या गाडीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. सुटली की भावाला डबा द्यायला गाडीवर थांबे. दशरथरावांचं भाषण रंगलं की त्यांना जेवायला हाक मारायला त्यांचा मुलगा नीरज येई. आधी तो बापाला घेऊन लगेच परत जायचा. पुढे भाषण संपेपर्यंत थांबायला लागला. मग तर बाप ऑफिसातून आलेला नसला तरी तो बापाला हाक मारायला येऊ लागला. दशरथराव वर्षभर समजत होते की मुलाला भाषेची गोडी लागतेय. मनोरमाबाईंना मात्र खिडकीतून सगळं दिसत होतं, आणि त्यांनी शालूची माहिती कोळणींकडून मासे घेता घेता काढूनही ठेवली होती.

पंच्याण्णवमध्ये लग्न ठरलं. बोलणी करायला आलेल्या दशरथरावांना धर्माजीने एकच प्रश्न केला, “मीरा रोडला पाणी येतं का?”

“दिवसाआड येतं.”

“मग पोरीला बरोबर दोन हंडे देतो,” धर्माजी म्हणाला, आणि बैठक संपली.

खरी बैठक पाहुणे गेल्यावर झाली. ओंजळीत लाह्या कोण घालणार? धर्माजीने चुलत पुतण्याचं नाव घेतलं, उत्तमचं. उत्तमला ते आधीच कळलं असावं, कारण कानपिळीला नवऱ्याकडून घड्याळ मागायचं म्हणून त्याने मनगट तेव्हापासूनच मोकळं ठेवलं होतं.

“मला उत्तमदादाच्या हातच्या नकोत,” शालू म्हणाली. “सख्खा भाऊ घरात असताना मी उसना आणू काय?”

“माझा शब्द हाय.”

“शब्द तुमचा हाय, लग्न माझं हाय.”

धर्माजीने विडी तोंडात धरली, पण पेटवली नाही. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, भट्टीपुढे बसणं बंद झालं होतं. शालूच्या लग्नातल्या लाह्या त्याच्या हातून होणार नव्हत्या हे तोही जाणून होता. शेवटी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, “पॉपकॉर्नवाल्याचा हात लागायचा न्हाय. लाहीवाल्याचा लागला तर माझं काय म्हणणं न्हाय. त्याला सांग, साळ आण, वाळूत भाज, आपल्या हातानं कर. मग उभा राहा.”

जानू पलीकडच्या खोलीत होता. हे सांगायला शालूला जावं लागलं नाही.

साळ आणायची कुठून हाच पहिला पेच. गावातली शेतं गेली होती, कुणी विकली होती, कुणी भरणी टाकून ठेवली होती. वाण्याकडे तांदूळ होता, सालासकट भात नव्हतं. जानू बसने उत्तनच्या अंगाला तारोडीला गेला. तिथे आनंदी नावाची त्याची आत्या राहायची, धर्माजीची थोरली बहीण. तिने अजून एक तुकडा राखला होता आणि बियाणाला ठेवलेली साळ तिच्या माळ्यावर होती.

“पॉपकॉर्नवाला आला का?” आत्या अंगणातूनच म्हणाली. “आज काय, मका सरला?”

“आत्या, लाह्यांना साळ पायजे.”

“तुझ्या बापानं पाठवला?”

“त्यांनी अट घातलीय.”

“त्यानं अटी घालाव्या? होडीत बसवला की माझ्या लुगड्यावर ओकायचा तो. मी धुतलंय.” बोलता बोलता तिने शिडी लावली, साळ काढून दिली, आणि ती कशी किती भिजवायची, सावलीत कशी सुकवायची हे पुन्हा सांगितलं, जानूला येत असलं तरी. “वाळू तापली का ते हात फिरवून बघ, घाई करू नको. आणि चाखू नको रे. होमाच्या लाह्या उष्ट्या झाल्या की गेल्या.”

लग्नाच्या आदल्या दिवशी जानूने परसातली भट्टी पेटवली. सहा वर्षांनी त्याचा हात तिला लागला. भिंतीच्या कडेला पत्र्याचे दोन डबे होते. एकात धर्माजीची भाजायची वाळू, वर्षानुवर्षं तापून काळी पडलेली. दुसऱ्यात जानूचं सुरुवातीचं मीठ, कढईच्या दिवसांतलं, तेही तापून तापून तसंच काळं झालेलं. जिथे मीठ वाळूच्या भावाने मिळतं तिथेच हे होऊ शकतं. दुसऱ्या गावात कुणी जळकं मीठ डब्यात भरून ठेवत नाही. जानूने हाताला लागला तो डबा कढईत ओतला.

साळ टाकली, हिराच्या कुंच्याने हलवली, आणि लाह्या फुटायला लागल्या. दोन खोल्यांतून तो आवाज गेला. धर्माजी ओटीवर बसून ऐकत होता. कान त्या बाजूला केला होता. जानूने लाह्या चाळल्या, सुपात पाखडून तूस काढलं, डब्यात भरल्या आणि आत्याने सांगितल्याप्रमाणे एकही तोंडात टाकली नाही.

लग्न मीरा रोडला, स्टेशनजवळच्या हॉलमध्ये. खाली रस्त्याच्या कडेला जानूची गाडी ताडपत्री घालून उभी होती. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, फोटो झाले. भटजींना नंतर काशीमिऱ्याला दुसरं लग्न होतं, हॉलच्या मॅनेजरला चार वाजता हॉल रिकामा हवा होता, आणि पाहुण्यांना जेवण. सगळ्यांचा जीव होमात अडकला होता, तो असा.

“नवरीच्या भावाला बोलवा,” भटजी म्हणाले.

जानू नवा सदरा घालून शालूच्या बाजूला येऊन बसला. धर्माजी समोर खुर्चीवर. उत्तम खांबाला टेकून उघडं मनगट चोळत होता. जानूने डब्याचं झाकण काढलं. लाह्या सादळल्या होत्या. मे महिना, दमट हवा, असं म्हणून त्याने त्या हाताने मोकळ्या केल्या, बोटांना पांढरट काहीतरी लागलं, आणि गाडीवर दिवसातून शंभरदा होतं तेच झालं. त्याने बोट चाटलं.

खारट.

त्याला परसातले दोन डबे दिसले. कुठला उचलला होता तेही दिसलं. इतर कुणालाच काही कळलेलं नव्हतं, आणि कळणार नव्हतं. होमाच्या लाह्या कुणी चाखत नाही, अग्नी काही ओरडून सांगत नाही. आता मूठ भरायची, ओंजळीत घालायची, नीरजचा कान पिळायचा, की सहा वर्षांचं सगळं मिटलं. बोलला तर उठावं लागणार होतं, भरल्या हॉलमध्ये, आणि मोकळ्या मनगटाचा उत्तम तिथे बसणार होता. पुढे लोकांनी याची नाना कारणं लावली. कुणी म्हणालं देवाला भ्याला, कुणी म्हणालं मुळातच अर्धवट. जानू स्वतः एवढंच सांगे, की शालूने ओंजळ आधीच धरली होती.

“बाबा,” तो म्हणाला.

सहा वर्षांत पहिल्यांदा तो बापाशी सरळ बोलला. शालूनेही मान वळवली.

“बाबा, लाह्या खाऱ्या हायत. मी मिठाचा डबा घेतला.”

धर्माजीने त्याच्याकडे पाहिलं, दिसत होतं तेवढं. “ऊठ,” तो म्हणाला. तोही सरळ.

जानू उठला.

मग गलका झाला. भटजी म्हणाले, मीठ अग्नीला चालत नाही, या लाह्या बाजूला ठेवा. कुणीतरी खाली धावत जाऊन कुरमुरे आणले. भटजींनी कागदात डोकावून पाहिलं. “हे उकडलेल्या तांदळाचे. आपल्या सालातून फुटलेलं हवं.” मॅनेजर दारातून म्हणाला, “पंडितजी, चार बजे शाम की पार्टी आ जाएगी, कुछ भी डाल दो.” तेवढ्यात दशरथराव उभे राहिले. मनोरमाबाईंनी त्यांचं उपरणं धरून खाली ओढलं, पण उशीर झाला होता.

“गुरुजी, खाली आमच्या व्याह्यांची गाडी आहे. पॉपकॉर्न करा. पॉप म्हणजे फुटणं, कॉर्न म्हणजे दाणा, कुठल्याही धान्याचा. इंग्लंडात गहू—”

“दशरथराव,” भटजी म्हणाले, “अर्थ कळला. मला शास्त्र बघू दे.” त्यांनी डोळे मिटले. मनात काशीमिऱ्याचं लग्नही असेल. “शास्त्रात लाजा, म्हणजे लाह्या, सांगितल्यात त्या साळीच्या. मिठाला नाही म्हटलंय. मक्याला हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही, कारण तेव्हा मका आपल्याकडे नव्हताच. सालातून आपण होऊन फुटतो ना?”

“फुटतो,” जानू म्हणाला.

“मग तेल नको, मीठ नको. साजूक तुपात करा. काय धर्माजी?”

सगळे धर्माजीकडे पाहायला लागले. तो म्हणाला, “तो मका हाय. लाह्या न्हायत. करा काय करायचं ते.”

जानू खाली गेला. ताडपत्री काढली, भांडं राखेने घासलं, धुतलं, कोरडं केलं, होमाच्या तुपातलंच तूप घातलं आणि दांडा फिरवायला लागला. त्याला ठाऊक होतं की हे तो उत्तमसाठी भाजतोय. वरून माणसं वाकून बघत होती. गाडीची नेहमीची दोन पोरं काचेशी आली, त्यांना त्याने पहिल्यांदाच हाकललं. दाणे फुटून झाले तसे ताटात घेतले, वर जाऊन उत्तमच्या हातात ताट दिलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

उत्तमने मूठ भरली. शालूने ओंजळ मिटून घेतली.

“धर ना,” उत्तम म्हणाला.

“हे भाजलं कुणी?”

“जानूनं.”

शालू बापाकडे वळली. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, पण आवाज निरोप देतानाचा, रोजचा. “बाबा, तुम्ही बोललात पॉपकॉर्नवाल्याचा हात लाह्यांना लागायचा न्हाय. आता बोललात ह्या लाह्या न्हायत. मग दादाचा हात लागला तर तुमचा शब्द कुठं मोडतो? आणि लाह्या असतील तर त्यानं लाह्या सोडल्याच न्हायत. काय ते एक ठरवा. मॅनेजर थांबलाय.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. दशरथराव ‘वा’ म्हणाले आणि मनोरमाबाईंनी पुन्हा उपरणं ओढलं. धर्माजी दोन्ही बाजूंनी कोंडला गेला होता. होडीत असता तर त्याने काठ धरला असता. इथे खुर्चीचा हात धरला. मग त्याने उत्तमला बोटाने बाजूला हो असं केलं. एवढंच. जानूला हाक मारली नाही.

जानूला हाकेची गरजही नव्हती. तो येऊन बसला, ताट मांडीवर घेतलं, आणि पहिली मूठ बहिणीच्या ओंजळीत घातली. भटजींनी मंत्र म्हटला, शालूने ती अग्नीत सोडली. लाह्या भाजताना काही दाणे न फुटता तसेच टणक राहतात, त्यांना गणंग म्हणतात. घाईत जानूने ते निवडले नव्हते. होमात पडून थोडे तापले आणि एकेक करून फुटायला लागले. पहिला फुटला तसे भटजी दचकले. दुसरा उडून त्यांच्या पोथीवर पडला. तिसरा नवऱ्याच्या उपरण्यात गेला. भटजी मंत्र न थांबवता मागे सरकत राहिले, लहान पोरं पुढे सरकत राहिली, आणि जेवायला थांबलेल्या पाहुण्यांना भुकेची आठवण राहिली नाही.

शेवटी कानपिळी. जानूने नीरजचा कान धरला, पण बोटांना तूप होतं, कान निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. “अहो, पुसून तरी घ्या,” नीरज म्हणाला. शालूने आपल्या शालूचा पदर पुढे केला, जानूने बोटं पुसली आणि मग असा पिळला की नीरजने घड्याळ, अंगठी, जे मागाल ते कबूल केलं. जानूने काही मागितलं नाही. उत्तमने भटजींना विचारलं, चुलत भावाला पिळता येतो का. भटजी म्हणाले, शास्त्रात नाही म्हटलेलं नाही.

या लग्नावर भाईंदरात बरीच वर्षं चर्चा चालली. पॉपकॉर्नवर लागलेलं लग्न टिकतं का, यावर पैजाही लागल्या होत्या म्हणतात. शालू-नीरजला पुढे दोन मुलं झाली तेव्हा पैज हरणारे म्हणाले, टिकलं ते लग्न नीरजच्या कानामुळे, होमामुळे नव्हे. काशीमिऱ्याच्या लग्नाला भटजी उशिरा पोचले, आणि कारण सांगितलं तेव्हा तिथे कुणाचा विश्वास बसला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरात दोघंच होते. निरोप पोचवणारी मीरा रोडला चौथ्या मजल्यावर गेली होती. सकाळ अशीच गेली. जानू चुलीशी चहा करत होता, धर्माजी ओटीवर. जानूने कप नेऊन त्याच्याजवळ ठेवला आणि परत फिरला.

“गणंग लई होते,” धर्माजी म्हणाला.

जानू थांबला. “मका जरा ओला होता.”

“उन्हात घालायचा.”

“घालतो,” जानू म्हणाला आणि गाडी काढायला गेला.